बँक ऑफ इंग्लंडच्या भिंतीला खिडक्या का नाहीत?

रिझर्व्ह बँकेने परदेशात ठेवलेलं सोनं भारतात आणलं, ही बातमी २०२४ मध्ये दोनदा गाजली. मार्चअखेर आपलं ४०८.३१ टन सोनं देशात होतं, सप्टेंबरअखेर तो आकडा ५१०.४६ टनांवर गेला. उरलेलं बहुतेक सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स (देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांची बँक) यांच्याकडे सांभाळायला दिलेलं आहे, असं एक वाक्य या बातम्यांत असायचं, आणि पुष्कळ वाचक तिथेच अडखळले. आपलं सोनं लंडनच्या एका बँकेत कशाला? ती जागा इतकी भरवशाची का मानतात? तिथे असं आहे तरी काय?

या प्रश्नांचं अर्थशास्त्रीय उत्तर पुढे येईलच. पण माझं म्हणणं असं की, आधी ती इमारत समजून घेतली तर बाकीचं आपोआप उलगडतं. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर तीन-साडेतीन एकरांचा एक अख्खा ठोकळा उभा आहे. त्याच्या चारही बाजूंना पोर्टलंडच्या फिकट दगडाची उंच भिंत आहे आणि रस्त्याच्या पातळीला त्या भिंतीत एकही खिडकी नाही. एवढ्या गजबजलेल्या जागी एवढी लांब, बंद भिंत का बांधली असेल, याचा शोध घेत गेलं की बँक म्हणजे काय, विश्वास कसा उभा राहतो आणि जुनी इमारत ‘जतन केली’ असं आपण केव्हा म्हणू शकतो, हे तिन्ही विषय हाताशी येतात.

## आधी बँकेची ओळख

बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये निघाली ती युद्धाच्या खर्चासाठी. राजा तिसरा विल्यम फ्रान्सशी लढत होता आणि खजिन्यात पैसा नव्हता. सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून १२ लाख पौंड सरकारला आठ टक्क्यांनी कर्जाऊ दिले आणि त्या बदल्यात त्यांना बँक काढण्याची सनद मिळाली. आज आपण तिला मध्यवर्ती बँक म्हणतो, म्हणजे सरकारची बँक आणि इतर बँकांचीही बँक. पण १९४६ मध्ये राष्ट्रीयीकरण होईपर्यंत ती भागधारकांच्याच मालकीची होती.

पहिली चाळीस वर्षं तिला स्वतःचं घर नव्हतं. आधी कापडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या आणि मग किराणा व्यापाऱ्यांच्या संघाच्या सभागृहात कारभार चाले. १७३४ मध्ये ती थ्रेडनीडल स्ट्रीटवर आली. तिचे पहिले गव्हर्नर सर जॉन हूब्लन यांचं घर आणि बाग जिथे होती, त्याच जागेवर जॉर्ज सॅम्पसन या वास्तुविशारदाने बँकेची इमारत बांधली.

त्या काळात या इमारतीत लोक कशासाठी येत, हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुढची सगळी रचना त्यातून आली आहे. सरकारला ज्यांनी कर्ज दिलं, त्या कर्जाची मालकी म्हणजे बँकेच्या जाडजूड वहीतली एक नोंद. ते कर्ज दुसऱ्याला विकायचं तर स्वतः बँकेत यायचं किंवा मुखत्यार पाठवायचा, कारकुनाने वही काढायची, सही करायची. व्याज घ्यायलाही तसंच यायचं. म्हणजे रोज शेकडो अनोळखी माणसं थेट आत येणार, त्यांना आणि कारकुनांना बारीक अक्षर वाचायला भरपूर उजेड लागणार. आणि त्या वह्या जळाल्या तर अर्ध्या देशाच्या संपत्तीचा पुरावाच जाणार. गर्दी, उजेड, आग आणि चोरी या चार गोष्टींचा मेळ एकाच इमारतीत बसवायचा होता.

## दंगल झाली आणि शेजारचं चर्च गेलं

जून १७८० मध्ये लंडनमध्ये मोठी दंगल उसळली. कॅथलिकांना काही सवलती देणाऱ्या कायद्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांनी मोर्चा काढला आणि तो पुढे कोणाच्याच हातात राहिला नाही. न्यूगेटचा तुरुंग जाळला गेला. मग जमाव बँकेकडे वळला. सैनिकांनी आणि स्वयंसेवकांनी हल्ला परतवला, पण संचालकांच्या मनात भीती कायमची बसली.

बँकेला अगदी लागून सेंट ख्रिस्तोफर ले स्टॉक्स नावाचं चर्च होतं. पुढच्या दंगलीत कोणी त्याच्या मनोऱ्यावर चढलं तर वरून थेट बँकेत गोळीबार करता येईल, हा धोका दिसला आणि ते चर्च पाडून टाकलं गेलं. त्याच्या दफनभूमीची जागा बँकेच्या अंगणात आली. सैनिकांची एक तुकडी दर रात्री बँकेच्या पहाऱ्याला येऊ लागली आणि ही प्रथा १९७३ पर्यंत चालू राहिली. दंगल आठवड्याभराची, पहारा जवळपास दोनशे वर्षांचा.

## वाड्याची बांधणी

१७८८ मध्ये सर रॉबर्ट टेलर हे बँकेचे वास्तुविशारद वारले आणि त्यांच्या जागी पस्तीस वर्षांच्या जॉन सोअन यांची नेमणूक झाली. वीटकाम करणाऱ्या गवंड्याचा हा मुलगा १८३३ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षं बँकेचं काम पाहत राहिला. इमारत तुकड्यातुकड्याने वाढत गेली. शेजारचे भूखंड घेत घेत बँकेने प्रिन्सेस स्ट्रीट, लोथबरी, बार्थोलोम्यू लेन आणि थ्रेडनीडल स्ट्रीट या चार रस्त्यांमधली सगळी जागा व्यापली. या साऱ्या पसाऱ्याला सोअन यांनी एकच बाहेरची भिंत घातली. ती १८२८ च्या सुमारास पूर्ण झाली.

आपल्याकडचा जुना वाडा आठवला की ही रचना चटकन समजेल. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेरून दिसते ती जाड भिंत आणि एक भक्कम दरवाजा, तोही दिंडीतून वाकून आत जायचा. पण आत पाऊल टाकलं की चौक लागतो, डोक्यावर आभाळ येतं, आणि सोप्याला, खोल्यांना, माजघराला उजेड-वारा त्या चौकातून मिळतो. कुटुंब वाढलं की मागे दुसरा चौक निघतो, मग तिसरा. सोअन यांची बँक अशीच होती: बाहेर आंधळी भिंत, आत एकामागून एक चौक आणि त्यांच्याभोवती दालनं. फक्त वाड्यात एक कुटुंब राहायचं आणि इथे अख्खं लंडन येऊन सही करून जायचं.

भिंत नुसती सपाट ठेवली असती तर ती तुरुंगासारखी दिसली असती, हे सोअन यांना कळत होतं. म्हणून तिच्यावर खांब आहेत, कोनाडे आहेत, दारा-खिडक्यांच्या आकाराच्या चौकटीही आहेत. फक्त त्या चौकटींच्या आत दगडच आहे. लांबून पाहणाऱ्याला राजवाडा वाटतो, जवळ आल्यावर कळतं की आत डोकावायला फट नाही.

## खिडक्यांवरच्या करामुळे तर नाही ना?

इंग्लंडचा इतिहास थोडाफार वाचलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराला जितक्या खिडक्या तितका कर असे, आणि तो चुकवण्यासाठी लोक खिडक्या विटांनी बुजवत. आजही जुन्या इंग्लिश घरांवर अशा बुजवलेल्या चौकटी दिसतात. पण तो कर राहत्या घरांसाठी होता. बँकेच्या भिंतीत मुळात खिडक्या कधी नव्हत्याच, त्यामुळे बुजवण्याचा प्रश्न आला नाही. दंगल, चोरी आणि शेजारच्या इमारतींतून येणारी आग, ही तिची खरी कारणं.

## मग आत उजेड कुठून यायचा?

वरून. या इमारतीतली सर्वांत मोठी करामत हीच, आणि सोअन यांचं नाव आजही वास्तुकलेच्या वर्गात घेतलं जातं ते त्यामुळेच.

बँक स्टॉक ऑफिस हे १७९२ च्या सुमाराचं दालन घ्या. बँकेचे स्वतःचे भागधारक इथे यायचे. टेलर यांच्या काळातलं लाकडी छत टिकलं नाही म्हणून ते नव्याने बांधायचं ठरलं. सोअन यांनी आपले जुने गुरू जॉर्ज डान्स (धाकटे) यांचा सल्ला घेतला आणि लाकूडच वगळलं. दालनाच्या मध्यावर चार खांब, त्यांच्यामध्ये कमानी, कमानींवर उथळ घुमट. घुमटाचा मधला भाग कापून तिथे चारही बाजूंनी काच असलेला छोटा मनोरा बसवला. अशा काचेच्या मनोऱ्याला लँटर्न म्हणतात. बाजूच्या कमानींच्या वरच्या अर्धगोलातही काचा होत्या. त्यामुळे ऊन थेट वहीवर पडत नसे. ते आधी घुमटाच्या आतल्या फिकट पृष्ठभागावर सांडायचं आणि तिथून मऊ होऊन खाली टेबलांपर्यंत यायचं. बारीक अक्षर वाचणाऱ्याला लागतो तो हाच उजेड, सावली न पाडणारा.

आता अडचण अशी की दगड-विटांचा घुमट प्रचंड जड असतो आणि तो पेलायला भिंती आणखी जाड कराव्या लागतात. सोअन यांनी त्यावर काढलेला तोडगा रोमन काळातला आहे. घुमटाच्या आत त्यांनी भाजलेल्या मातीची पोकळ भांडी ओळीने रचून चुन्यात बसवली. भांडं पोकळ म्हणून वजन हलकं, आणि मुळातच भट्टीत भाजलेलं म्हणून आगीत जळत नाही. एका युक्तीत दोन कामं झाली: छत हलकं झाल्याने खांब नाजूक ठेवता आले आणि वह्यांवरचं आगीचं सावट कमी झालं.

या दालनात सजावटही फार कमी होती. भिंतींवर नेहमीच्या ग्रीक-रोमन खांबांऐवजी सोअन यांनी नुसत्या खोदलेल्या रेघा ठेवल्या. सरकारी कामाच्या जागेत माणूस दबून जाऊ नये आणि तरी जागेला गांभीर्य असावं, हे किती अवघड आहे! सोअन यांनी ते केवळ उजेड आणि रेघा यांच्या जोरावर साधलं, आणि मला त्यांचं सर्वांत मोठं कर्तृत्व तेच वाटतं. पुढच्या काही दशकांत त्यांनी अशीच दालनं एकामागून एक बांधली. प्रत्येकात घुमटाचा आणि काचेचा वेगळा प्रयोग आहे.

लोथबरीच्या बाजूच्या कोपऱ्याला टिवोली कॉर्नर म्हणतात. तिथे भिंतीचा काटकोन मोडून अर्धगोल खांबांची रचना केली आहे. रोमजवळच्या टिवोली गावात टेकडीच्या कड्यावर व्हेस्टा देवीचं म्हणून ओळखलं जाणारं गोल मंदिर आहे. तरुणपणी इटलीत असताना सोअन यांनी ते बारकाईने मोजलं होतं. तेच खांब त्यांनी इथे आणले.

## पण जाड भिंतीने बँक सुरक्षित झाली का?

रास्त शंका आहे, आणि उत्तर सोअन यांच्या डोळ्यांसमोरच मिळालं. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैनिकांची एक छोटी तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. ती लगेच शरणही आली. पण तेवढ्या बातमीने लोक नोटा घेऊन सोनं मागायला धावले. त्या काळी नोट ही सोनं देण्याची लेखी हमी होती. बँकेकडचं सोनं झपाट्याने आटलं आणि सरकारला आदेश काढावा लागला की बँकेने नोटेच्या बदल्यात सोनं देऊ नये. ही बंदी १८२१ पर्यंत चालली. दगडाची भिंत दंगलखोराला थांबवते, घाबरलेल्या खातेदाराला थांबवू शकत नाही.

म्हणून भिंतीचं दुसरं काम महत्त्वाचं ठरतं. ती बाहेरच्याला सतत सांगत असते की ही संस्था इथून कुठेही जाणार नाही. सोअन यांनी भिंतीचा बराचसा भाग नेमका या बंदीच्या चोवीस वर्षांत उभारला, हे मला अर्थपूर्ण वाटतं. नोटेमागे सोनं मिळत नव्हतं, तरी नोट चालत होती. ती चालण्यामागे सरकारचा कायदा होता, व्यापाऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द होता आणि रोज डोळ्यांना दिसणारा हा दगडही होता. तिसऱ्या कारणाचं माप काढता येत नाही, पण बँका अजूनही आपल्या मुख्य इमारतींवर इतका खर्च करतात तो उगाच नाही.

## वाऱ्याची तबकडी

संचालक मंडळाच्या सभागृहाला कोर्ट रूम म्हणतात. ती मुळात टेलर यांची रचना आहे. तिच्या भिंतीवर १८०५ ची एक गोल तबकडी आहे. घड्याळासारखी दिसते, पण तिच्यावर आकड्यांऐवजी दिशा आहेत. तिचा काटा दांड्यांनी छपरावरच्या वातकुक्कुटाला जोडलेला आहे. बाहेर वारा फिरला की आत काटा फिरतो.

दिवसभर बंद दालनात बसणाऱ्या बँकरांना वाऱ्याची दिशा कशाला हवी? जहाजं तेव्हा शिडाची. पूर्वेचा वारा सुटला की थेम्सच्या मुखाशी थांबलेली जहाजं लंडनच्या बंदरात शिरत. माल उतरला की व्यापाऱ्यांना तो घ्यायला पैसा लागे आणि बँकेकडे हुंड्या वटवायला गर्दी होई. वारा पश्चिमेचा असला की जहाजं अडकून पडत आणि बाजारात पैशाला मागणी कमी. म्हणजे भिंतीवरचा तो काटा बाजारात किती पैसा सोडायचा याचा अंदाज देत होता. आज मध्यवर्ती बँका व्याजदर ठरवताना महागाईचे, रोजगाराचे, आयात-निर्यातीचे आकडे पाहतात. उद्या पैशाची गरज वाढेल की घटेल, हे आधी ओळखायचं, एवढाच या दोन्हींचा हेतू. मागणी आणि पुरवठ्याचं नातं मी एखाद्या शाळकरी मुलाला शिकवणार असेन तर सुरुवात या तबकडीपासून करीन.

## इतकं चांगलं होतं, तर पाडलं का?

आता दुःखाचा भाग. सोअन यांनी बांधलेली दालनं आज नाहीत. १९२५ पासून ती पाडायला सुरुवात झाली आणि १९३९ पर्यंत त्यांच्या जागी आजची इमारत उभी राहिली. वास्तुविशारद होते सर हर्बर्ट बेकर. हे नाव आपल्याला परकं नाही. दिल्लीतले नॉर्थ ब्लॉक आणि साऊथ ब्लॉक त्यांचेच, आणि एडविन लटेन्स यांच्यासोबत त्यांनी आपलं जुनं संसद भवन उभारलं. ते १९२७ मध्ये खुलं झालं, तेव्हा लंडनमध्ये बँकेवर घाव पडत होते.

बँकेची बाजू समजून घ्यायला हवी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचं सरकारी कर्ज सुमारे ६५ कोटी पौंडांवरून ७०० कोटी पौंडांच्या वर गेलं. त्या कर्जाच्या नोंदी ठेवणं हे बँकेचंच काम. कारकुनांची संख्या कित्येक पटींनी वाढली. सोअन यांची बहुतेक दालनं वरून उजेड घेणारी, म्हणजे त्यांच्या डोक्यावर दुसरा मजला चढवताच येत नाही! मजला चढवला की काच झाकली जाणार आणि खालची खोली अंधारात जाणार. जी युक्ती इमारतीचं सौंदर्य होती तीच तिच्या मुळावर आली. शहराच्या मध्यात साडेतीन एकर जागा अडवून बसलेली बैठी इमारत बँकेला परवडेना.

बेकर यांनी जमिनीवर सात आणि जमिनीखाली तीन मजले काढले. बँकेचा कारभार एक दिवसही बंद न ठेवता, टप्प्याटप्प्याने हे काम झालं, हे अभियांत्रिकी म्हणून नक्कीच मोठं आहे. कोर्ट रूम त्यांनी उचलून पहिल्या मजल्यावर नव्याने मांडली. बोरिस अॅनरेप यांच्या मोझेकच्या फरश्या, चार्ल्स व्हीलर यांची शिल्पं, टिवोली कॉर्नरवरचा एरियलचा (शेक्सपिअरच्या नाटकातल्या वायुरूप आत्म्याचा) सोनेरी पुतळा, हे सगळं त्याच काळातलं. टिवोली कॉर्नर आरपार उघडून त्यातून पादचाऱ्यांना वाटही केली. आणि बाहेरची भिंत ठेवली, तीही काही फेरफार करून.

तरी वास्तुकलेच्या अभ्यासकांनी हे पाडकाम माफ केलं नाही. निकोलाउस पेव्हस्नर यांच्यासारख्या इतिहासकाराने याला सिटी ऑफ लंडनमधला विसाव्या शतकातला सर्वांत मोठा वास्तुगुन्हा ठरवलं. मी त्यांच्या बाजूने आहे. भिंत शिल्लक आहे म्हणून इमारत शिल्लक आहे, असं मानता येत नाही. ती भिंत आंधळी ठेवता आली कारण आत वरून उजेड येत होता. आज तिच्यामागे साध्या खिडक्यांचे मजले आहेत, त्यामुळे भिंतीच्या आंधळेपणाचं कारणच नाहीसं झालं आहे. वाड्याचा दरवाजा आणि दगडी भिंत ठेवून चौक बुजवले, तर त्याला वाडा राखला असं कोण म्हणेल?

गेलेली इमारत कशी होती हे पाहायचं तर दोन जागा आहेत. सोअन यांचं लंडनमधलं घर आता संग्रहालय आहे, आणि जोसेफ गँडी यांनी १८३० मध्ये काढलेलं बँकेचं मोठं जलरंगचित्र त्याच संग्रहात आहे. त्यात सगळी छपरं उचलून बाजूला ठेवल्यासारखी इमारत वरून दिसते, प्रत्येक चौक आणि प्रत्येक घुमट मोजता येतो. दुसरी जागा बँकेतच आहे. बार्थोलोम्यू लेनच्या बाजूला बँकेचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. तिथे १९८८ मध्ये बँक स्टॉक ऑफिस हे दालन जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधलं. ती प्रतिकृती आहे, तरी घुमटाखाली उभं राहिलं की सोअन यांच्या मनात काय होतं ते कळतं. तिथेच सोन्याची एक खरी वीट हाताने उचलूनही पाहता येते. बहुतेकांचा हात तिच्या वजनाने दचकतो.

## सोनं नेमकं कुठे आहे, आणि तिथेच का?

बेकर यांच्या त्या खालच्या मजल्यांवर. तिथे सुमारे चार लाख विटा आहेत. एक वीट साधारण ४०० ट्रॉय औंसांची, म्हणजे १२.४ किलोच्या आसपास. एकूण वजन पाच हजार टनांच्या घरात जातं. बँकेचं स्वतःचं सोनं त्यात अगदी थोडं. बाकी ब्रिटनच्या सरकारचं, इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांचं आणि लंडनच्या बाजारातल्या मोठ्या व्यापाऱ्यांचं.

सोनं जागा फार खात नाही. पाण्याच्या १९.३ पट जड असल्याने शंभर टन सोनं सव्वापाच घनमीटरांत, म्हणजे एका लहानशा न्हाणीघरात मावेल. अडचण वजनाची आहे. लंडनच्या पोटात चिकणमातीचा जाड थर आहे आणि तिच्यावर एका जागी फार भार टाकला तर जमीन खचते. म्हणून इथे विटांची थप्पी उंच रचत नाहीत. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची तिजोरी मॅनहॅटनच्या खडकावर बसली आहे, त्यांना ही काळजी नाही.

आता आपलं सोनं. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोनं तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. व्यवहार बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याशी होता आणि सोनं विमानाने लंडनला गेलं. कर्ज त्याच वर्षी फिटलं. ‘तेव्हापासून इंग्लंडने आपलं सोनं अडकवून ठेवलं’ अशी समजूत मात्र चुकीची आहे. तिथे सोनं ठेवण्यामागे व्यापारी सोय आहे. जगातल्या सोन्याच्या घाऊक व्यवहारांचं लंडन हे मोठं केंद्र, आणि खरेदीदार-विक्रेता दोघांच्याही विटा एकाच तळघरात असल्या की व्यवहार म्हणजे फक्त वहीतल्या नावाची अदलाबदल. वीट जागची हलत नाही. अठराव्या शतकात कर्जाची मालकी वहीतून बदलायची, तसंच हे.

मग परत का आणलं? एक कारण असं मानलं जातं की २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा परदेशातला चलनसाठा पाश्चात्त्य देशांनी गोठवला, आणि दुसऱ्याच्या घरी किती ठेवावं याचा विचार बऱ्याच देशांत नव्याने सुरू झाला. काही सोनं विकायच्या सोयीसाठी बाजाराजवळ आणि काही हाताशी, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. सगळंच आणणं किंवा सगळंच तिकडे ठेवणं, दोन्हींत अकारण जोखीम आहे.

## भुयारी रेल्वे तिजोरीला वळसा घालते का?

बँकेसमोरच्या स्थानकाचं नाव बँकच आहे. तिथल्या सेंट्रल लाइनचा फलाट इतका वाकडा आहे की गाडी आणि फलाट यांत मोठी फट पडते. तिजोरी टाळण्यासाठी बोगदा वळवला, असं सर्रास सांगतात. पण १९०० च्या सुमारास बोगदे शक्य तेवढे सार्वजनिक रस्त्यांखालून नेत असत, कारण खासगी जमिनीखालून गेलं की मालकाला मोबदला द्यावा लागे. रस्ते मध्ययुगीन वळणाचे, म्हणून रूळही तसेच वळले.

शेजारच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चची कथा मात्र खरी आहे. निकोलस हॉक्समूर यांनी बांधलेलं हे चर्च १७२७ मध्ये पूर्ण झालं. रेल्वे कंपनीला ते पाडून स्थानक बांधायचं होतं. लोकांनी इतका विरोध केला की शेवटी चर्च पोलादी तुळयांवर तोललं गेलं आणि तळघरातली थडगी हलवून तिथे तिकीटघर काढलं.

## समोरच्या चौकाचं काय?

थ्रेडनीडल स्ट्रीट, कॉर्नहिल, लोम्बार्ड स्ट्रीट, किंग विल्यम स्ट्रीट, पोल्ट्री, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट आणि प्रिन्सेस स्ट्रीट असे रस्ते इथे एकत्र येतात. बँकेसमोर रॉयल एक्स्चेंज आहे. थॉमस ग्रेशॅम यांनी सोळाव्या शतकात व्यापाऱ्यांसाठी काढलेली ही संस्था दोनदा जळली. आजची तिसरी इमारत विल्यम टाइट यांची, १८४४ ची. तिच्या शिखरावर ग्रेशॅम घराण्याचं चिन्ह असलेला सोनेरी नाकतोडा आहे. तिसऱ्या बाजूला मॅन्शन हाऊस, लंडन सिटीच्या लॉर्ड मेयरचं निवासस्थान. ते जॉर्ज डान्स (थोरले) यांनी बांधलं, म्हणजे सोअन यांच्या गुरूंच्या वडिलांनी. बाजार, बँक आणि नगरशासन तिघंही एकमेकांसमोर उभी आहेत. जानेवारी १९४१ मध्ये याच चौकातल्या स्थानकावर बॉम्ब पडला, रस्ता खाली कोसळला, अनेक माणसं दगावली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे एक काचेचा उंच टॉवर उभारायचा बेत होता. त्याचा आराखडा लुडविग मीस फान डेर रोहे यांचा. वर्षानुवर्षं वाद चालला आणि १९८५ मध्ये सरकारने परवानगी नाकारली. पुढे त्याच जागेवर जेम्स स्टर्लिंग यांची रंगीत दगडांच्या पट्ट्यांची नंबर वन पोल्ट्री ही इमारत आली. तिच्यासाठी व्हिक्टोरियन काळातली मॅपिन अँड वेब या जवाहिऱ्यांची, लोकांच्या आवडीची इमारत पाडावी लागली, म्हणून तीही वादात राहिली. २०१६ मध्ये तिलाच वारसा म्हणून ग्रेड टू स्टार, म्हणजे वरून दुसऱ्या श्रेणीचं संरक्षण मिळालं, बांधून जेमतेम वीस वर्षं झाली असताना. इंग्लंडमध्ये असं संरक्षण मिळालं की इमारतीच्या आतलेही महत्त्वाचे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. इमारतींची अशी यादी करण्याची तरतूद १९४० च्या दशकातल्या नगररचना कायद्यांनी आली. बेकर यांची बँक आज त्या यादीत सर्वोच्च श्रेणीत आहे. सोअन यांच्या दालनांवर हातोडा पडला तेव्हा तो कायदा यायला वीस वर्षं बाकी होती.